पेशंटसोबत हॉस्पिटलात राहायचंय? वॉर्डात काय होतं आणि आपण काय करायचं

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी १० ला ठरलेलं. आम्ही खाली औषधं आणायला गेलो आणि तेवढ्यात भेटायला आलेल्या आत्याने थर्मासमधला अर्धा कप चहा त्यांना पाजला, उपाशीपोटी बसलाय बिचारा म्हणून. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, बाबांनी खरं सांगितलं आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. पोटात काही असताना भूल दिली की उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, आणि दुधाचा चहा हा खाण्यातच धरतात, त्यावर ६ तास जावे लागतात. आत्याची काहीच चूक नाही, तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. त्या ८ दिवसांत जे शिकलो ते इथे लिहितोय, पहिल्यांदाच कोणासोबत राहणार असाल तर उपयोगी पडेल.

ॲडमिट होताना

आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घ्या. नुसतं "बीपीची गोळी चालू आहे" सांगून भागत नाही, नाव आणि पॉवर लागते, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती कोणी विचारलं नाही तरी आधी सांगा. एकदा ॲडमिट झाल्यावर घरच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका, सिस्टर तीच गोळी देत असतील तर डबल डोस होतो. हातात नावाचा पट्टा बांधतात, त्यावरचं नाव आणि वय वाचून घ्या, कारण रक्त घेताना, औषध देताना त्यावरूनच खात्री करतात.

पैशांचं पहिल्याच दिवशी विचारायचं, लाजायचं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आता पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही, पण योजनेतल्या हॉस्पिटलात आणि यादीतल्या आजारांनाच. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, नाहीतर १५५३८८ ला फोन करा. मंजुरी आधी घ्यावी लागते, त्यामुळे बिल भरून मग चौकशी करण्यात अर्थ नाही. मेडिक्लेम असेल तर रूमची मर्यादा बघा. पॉलिसीत ४००० ची रूम बसत असताना ६००० ची घेतली तर बऱ्याच पॉलिसींमध्ये फक्त वरचे २००० जात नाहीत, डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापतात. आणि आयसीयू सोडून दिवसाला ५००० च्या वरच्या रूमला ५ टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच.

वॉर्डात कोणाला काय विचारायचं

औषधं, सलाईन, ताप, दुखणं हे सिस्टर किंवा ब्रदरना. चादर, बेडपॅन मावशींना (आयाबाई), स्ट्रेचर आणि व्हीलचेअर मामांना (वॉर्डबॉय). रात्री-अपरात्री काही झालं तर ड्युटीवरचे डॉक्टर. सिस्टरांची ड्युटी बदलते, साधारण सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ च्या आसपास, त्या वेळी त्या एकमेकींना पेशंटची माहिती देत असतात, तेव्हा चादर बदलून मागायला जाऊ नका, पण श्वास लागला, छातीत दुखलं तर मात्र एक मिनिटही थांबू नका. सलाईन संपत आलं, सुईची जागा सुजली किंवा ठणकायला लागली की लगेच सांगायचं, सलाईनच्या नळीवरची चाकी आपण फिरवायची नाही.

राउंड आणि वही

मोठे डॉक्टर पेशंटपाशी येतात ते ३-४ मिनिटं, कधी त्याहून कमी, आणि नेमकं त्याच वेळी आपल्याला काही सुचत नाही. म्हणून एक साधी वही उशाशी ठेवाच. रात्रीच प्रश्न लिहायचे: रिपोर्टमध्ये काय आलं, आज कुठली तपासणी, जेवायला काय द्यायचं, कधीपर्यंत घरी? त्याच वहीत ताप किती होता, पाणी किती प्यायले, लघवी किती झाली ते वेळेसकट लिहा, डॉक्टरांना हेच लागतं. आणि डॉक्टरांशी घरातला एकच माणूस बोलेल हे ठरवून घ्या. आमच्याकडे आधी तिघांनी विचारलं, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी ऐकल्या आणि आई रात्रभर रडत बसली.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना "इथे करा, इथे करा" असं होतं. थांबा, काय करणार आणि धोका काय ते मराठीत सांगा म्हणा, तो पेशंटचा हक्कच आहे.

भेटायला येणाऱ्यांसाठी

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला शहाळं न्यायची पद्धत, प्रेमच असतं त्यात. पण किडनीच्या पेशंटला शहाळ्यातलं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं, हृदयाचे ठोके बिघडतात. सिस्टरांना विचारल्याशिवाय काहीच खायला-प्यायला देऊ नका. बेडवर बसू नका, आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, सर्दी-खोकला असेल तर फोनच करा. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी सोडत नाहीत ते त्यांच्याच भल्यासाठी. १० मिनिटं पुरे, आणि खरी मदत करायची असेल तर रात्री सोबत राहणाऱ्याला म्हणा, तू घरी जाऊन आंघोळ कर, जेव, तोवर मी बसतो.

रात्री

बाथरूमला एकट्याला सोडू नका, पडायची भीती तिथेच. झोपताना बेडचे कठडे वर करा. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला रात्री राहू देत नाहीत, ते आधीच बघून ठेवा.

डिस्चार्ज

सकाळी राउंडला "आज घरी जा" म्हणाले म्हणून गाडी लगेच बोलावू नका. उरलेली औषधं परत जातात, समरी (काय झालं, काय उपचार केले आणि घरी कुठल्या गोळ्या घ्यायच्या तो कागद) टाइप होते, बिल बनतं, मेडिक्लेम असेल तर कंपनीची मंजुरी यावी लागते. नियमाने कंपनीला ३ तासांत उत्तर द्यावं लागतं आणि तिच्यामुळे उशीर झाला तर त्याचा जास्तीचा खर्च पेशंटच्या माथी मारता येत नाही, हे बिलिंगला आठवण करून द्या. बिल ओळ न ओळ वाचा. समरीतली प्रत्येक गोळी सिस्टरांकडून समजून घ्या, कुठली जुनी बंद आणि कुठली चालू हे खास विचारा, टाके कधी काढायचे तेही. पूर्ण केसपेपरची कॉपी हवी असेल तर अर्ज द्या, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते.

आणि लिफ्टपाशी जायच्या आधी पेशंटचा हात बघा, सुई काढली का. आम्ही रिक्षात बसल्यावर पाहिलं आणि परत तिसऱ्या मजल्यावर गेलो.