जुन्या १९११वर सिरॅमिकचा थर

टेक्ससमधल्या माझ्या १९११ पिस्तुलाच्या कडा होल्स्टरमध्ये घासून पांढऱ्या पडल्या होत्या, घामाच्या हाताखाली गंजाचे ठिपकेही धरले होते. फवारायचं सेराकोट (सिरॅमिकचा पातळ संरक्षक थर) घरीच लावायचं ठरवलं. मॅगझिन काढलं, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केली, सगळे भाग सुटे केले.

पहिल्या खेपेला चुकलो. ॲसिटोनने नुसतं पुसून फवारलं आणि काही दिवसांतच स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, कडेला पोपडे सुटले. जुन्या पोलादाच्या बारीक फटींत मुरलेलं तेल तापल्यावर बाहेर येतं आणि थराला पकडच मिळत नाही.

दुसऱ्यांदा १०० ग्रिट ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग करून, म्हणजे त्याचे बारीक खरखरीत कण हवेच्या दाबाने मारून, जुना थर उतरवला. भाग ॲसिटोनमध्ये बुडवले आणि ३०० अंश फॅरनहाइटला तासभर कोरडेच भाजले. तेलाचे डाग उमटले. पुन्हा ॲसिटोन, पुन्हा भट्टी. तिसऱ्या फेरीत धातू स्वच्छ निघाला. तिथून पुढे उघड्या हाताने स्पर्श नाही, नायट्राइलचे हातमोजेच.

सेराकोटच्या एच मालिकेत १८ भाग रंगाला १ भाग हार्डनर (थर कडक करणारा द्रव). थर सुमारे १ सहस्रांश इंच. जाड झाला की स्लाइड अडते. बॅरलचं आतलं अंग आणि चेंबर झाकले, स्प्रिंगा बाजूला ठेवल्या. सिरियल नंबर स्पष्ट वाचता आलाच पाहिजे. रसायनांची वाफ गाळणारा मास्क लावून फवारणी, मग २५० अंश फॅरनहाइटला २ तास भट्टीत. ओव्हन गॅरेजमधला, स्वयंपाकाचा अजिबात वापरू नका.

रेल्सना तेल दिलं. स्लाइड अलगद सरकते.