पीसी सारखा क्रॅश होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी रॅम तपासा

निळी स्क्रीन आली की सगळे सांगतात फॉरमॅट मार. प्लीज थांबा, रॅम खराब असेल तर नवीन विंडोज टाकतानाच फायली करप्ट होतात आणि दोन दिवसांनी परत तेच. माझ्या भावाच्या पीसीत दोनदा विंडोज टाकून झालं होतं, पण रॅम कोणी काढूनही बघितली नव्हती.

संशय कधी घ्यायचा? निळ्या स्क्रीनवर दरवेळी वेगळाच कोड, आज मेमरी मॅनेजमेंट तर उद्या पेज फॉल्ट, किंवा मोठी झिप उघडताना सीआरसी एरर (म्हणजे फाइल करप्ट दिसतेय) आणि तीच फाइल दुसऱ्या पीसीवर नीट उघडते. फक्त गेम खेळतानाच बंद पडत असेल तर आधी टेम्परेचर आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बघा.

बॅकअप घ्यायचाय तर डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावून घ्या, खराब रॅममधून कॉपी केलेल्या फायलींचा भरवसा नसतो.

मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवणारी सेटिंग, बंद करा. तेवढ्याने क्रॅश थांबले तर स्टिक (रॅमची पट्टी) खराबच आहे असं नाही, त्या स्पीडला ती टिकत नाहीये.

तरी थांबले नाही तर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू ठेवा. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक पण आहे, पण त्यात पास झालं म्हणून सोडून देऊ नका. एक्सएमपी बंद असताना एक जरी एरर आला तरी काहीतरी बिघडलंय.

आता एकेक स्टिक. मेन स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग स्टिक काढा. सोनेरी पिना साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा भुसा ब्रशने झाडा, परत बसवताना टक् आवाज येईपर्यंत दाबा, निम्म्या तक्रारी मला वाटतं इथेच मिटतात. चार स्लॉट असतील तर एकच स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात, तरी मॅन्युअल बघा.

दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने टेस्ट करा. एकीलाच एरर आला तर स्टिक गेली, दोघींना आला तर स्लॉट बदलून बघा, कारण तेव्हा दोष बोर्डाचा किंवा प्रोसेसरचा असू शकतो. भावाची पहिली स्टिक रात्रभर शांत होती, दुसरी लावल्यावर चहा होईपर्यंत स्क्रीन लाल ओळींनी भरली.

स्टिकवरचं स्टिकर काढू नका, वॉरंटी त्यावरच बघतात, आणि जोडीने घेतली असेल तर दोन्ही पाठवायला लागू शकतात. बदलून आलेली स्टिक पण आधी एक रात्र मेमटेस्टला लावा, विंडोज त्यानंतरच टाका.