मराठी निवडली की बेरीज बिघडायची

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाचं, वेबॲप केलं होतं. इंग्रजी, हिंदी चोख चालायचं. मराठी निवडली की एकूण रकमेच्या जागी 'नॅन' (NaN), म्हणजे 'ही संख्याच नाही'. दोन रात्री त्यात गेल्या. मग चौकटीकडे नीट पाहिलं: १,२५,०००. आकडे देवनागरी! ब्राउझरमधली आकडे भाषेनुसार मांडणारी सोय, नंबरफॉरमॅट, मराठी लोकॅलला (भाषेच्या सेटिंगला) आपोआप देवनागरी अंक देते, हिंदीला नाही. माझा कोड स्वल्पविराम काढून तोच दिसणारा मजकूर पार्सफ्लोटने (मजकुरातून संख्या काढणाऱ्या फंक्शनने) परत वाचायचा, आणि त्याला देवनागरी अंक कळतच नाहीत.

लोकॅलला 'यू-एनयू-लॅटन' जोडून इंग्रजी अंक आणता आले असते. पण शेतकऱ्याला त्याच्या पैशाचा आकडा त्याच्या लिपीत मिळायलाच हवा. म्हणून मूळ संख्या वेगळी जपली. फॉरमॅट फक्त दाखवताना.

काल काटोलच्या एका काकांनी पट्टी मोठ्याने वाचली. बेरीज जुळली.