परका स्वर लावताय? आधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की बेळगावात मंडळाचं गाणं बसवायला पोरं कीबोर्ड घेऊन येतात आणि चालीत कुठंतरी एक परका स्वर, म्हणजे त्या रागात किंवा स्केलमधे नसलेला, बहुतेक कोमल धैवत, घुसवलेला असतोच. का घातलास विचारलं तर "भारी वाटायलंय की ओ." वाटतंय खरं, पण तिथनं पुढं कुठं जाणार हे ठरलेलंच नसतं.

यमन राग घ्या. सगळा कारभार तीव्र मध्यमाचा, पण ग म ग असा दोन गंधारांच्या मधे शुद्ध मध्यम लावला की यमनकल्याण. गंधारावरनं निघतो, गंधारावरच परत येतो. तोच मध्यम समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, धरून बसा आणि तिथनं सरळ पंचमावर जा, मग यमन शोधत फिरा. म्हणून मी परका स्वर बसवायच्या आधी त्याच्या पुढचा स्वर पक्का करतो, बहुतेक वेळा अर्ध्या स्वरावरचाच, म्हणजे कोमल धैवतानंतर पंचम, कोमल रिषभानंतर सा. नियम नाही हा, माझी सवय आहे, पण फसत नाही.

आता ऑटोट्यून, म्हणजे गाणाऱ्याचा स्वर दिलेल्या स्केलमधल्या जवळच्या स्वरावर आपोआप ओढणारं सॉफ्टवेअर. यावर माझं डोकं फिरतं. टिळकवाडीत एका घरगुती स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं, पांढरी एकमधलं, म्हणजे सा सी वर धरलेलं गाणं, अंतरा संपताना मध्यमाची मेजर कॉर्ड मायनर होते (म्हणजे तिच्यातला शुद्ध धैवत कोमल होतो) आणि गाणारीनं त्यावर कोमल धैवत धरून पंचमावर यायचं. खानापूरहून आलेली पोरगी, गळा एकदम तयार. पण प्लेबॅकला तो धैवत कधी शुद्ध लागायचा, कधी घसरून पंचम व्हायचा, आणि खाली कॉर्डमधे कोमल धैवत वाजतोय म्हणजे कानात दगडच. सगळे तिलाच बोलायलेत, "सूर लागंना झालाय, परत घे." बिचारी परत परत गायली, शेवटी रडकुंडीला आली. मी म्हटलं आधी सगळे इफेक्ट बंद करा. बंद केले तर सूर चोख! ऑटोट्यूनला सी मेजर स्केल देऊन ठेवलेलं, त्यात कोमल धैवत नाहीच, मग ते यंत्र त्याला ओढून शेजारच्या घरात टाकणार नाहीतर काय करणार? क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर चालतील असं, करा नाहीतर तेवढा एक स्वर स्केलमधे घाला, दोन क्लिकचं काम. माझं विचाराल तर गळा तयार असेल तिथं ते लावूच नका.

दुसरं म्हणजे कॉर्ड बदलली हे सगळ्यांना सांगा. कीबोर्डवाला मायनर वाजवतोय आणि पेटीवाले काका जुन्या सवयीनं शुद्ध धैवत देतायत, हे दर वर्षी होतंय.

मुखड्याच्या पहिल्याच ओळीत परका स्वर नको, आधी सा तर कानात बसू दे. प्रत्येक ओळीत तर नकोच नको. नुसता ठोका देणाऱ्या मेट्रोनोमवर चाल करू नका, तानपुरा ॲप लावा, कुठं खुपतंय ते लगेच कळतं.

आणि ठुमरीवाले भैरवीत बाराही स्वर लावतात, आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी कुठं कुणाचं ऐकलं, असं मला ऐकवू नका. कुमारजी आपल्या गुरूंकडं, देवधर मास्तरांकडं, वर्षानुवर्षं शिकायला बसले होते, आणि तुम्ही कालच यूट्यूबवर बघून आलाय. आधी नुसती भैरवी महिनाभर गा, मग या, बोलू.