झान झुआंग: खांबासारखे उभे राहण्याचा सराव

चिनी युद्धकलांमध्ये ‘झान झुआंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरावाचा शब्दशः अर्थ खांबासारखे उभे राहणे असा आहे. शिंगयीच्वान या परंपरेत विद्यार्थ्याला ठोसे शिकवण्याआधी ‘सानतीशी’ या पवित्र्यात, एक पाय पुढे घेऊन आणि बराचसा भार मागच्या पायावर ठेवून, दीर्घकाळ उभे केले जाई. त्याच परंपरेत घडलेल्या वांग शियांगझाई यांनी १९२०च्या दशकात यीच्वान ही पद्धत मांडली, त्यात पाठ करायच्या हालचालींच्या मालिका गाळून टाकल्या आणि उभे राहण्यालाच प्रशिक्षणाचा पाया केले. ‘यी’ म्हणजे मनातला संकल्प; त्यामुळे बाहेरून शरीर निश्चल दिसले, तरी मन कामात असणे येथे अपेक्षित आहे.

सुरुवातीला पावले खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर ठेवावीत. गुडघे किंचित वाकवावेत, पण ते पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नयेत. उंच स्टुलाच्या कडेवर टेकत आहोत अशा रीतीने कंबर सैल सोडावी, म्हणजे माकडहाड आपोआप खाली झुकते. टाळू वरच्या दिशेने हलकेच ओढली जात आहे असे समजून हनुवटी थोडी आत घ्यावी. मग दोन्ही हात छातीच्या उंचीवर आणून, मोठा फुगा न दाबता कवेत धरावा तसे गोल ठेवावेत. तळवे स्वतःकडे, बोटे सुटी आणि कोपरे मनगटांपेक्षा थोडी खाली असावीत. श्वास नाकाने, नेहमीसारखा चालू द्यावा.

पहिले दोन आठवडे पाच मिनिटे पुरेशी आहेत. नंतर दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवत वीस मिनिटांपर्यंत जावे.

तीन-चार मिनिटांनंतर मांड्या थरथरू लागतात, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंना हालचालीविना सतत आकुंचित राहावे लागते. पाय यामुळे मजबूत होतात हे खरेच आहे, मात्र माझ्या मते या सरावाचा मोठा लाभ निराळा आहे. स्थिर उभे राहिल्यावर आपण कुठे विनाकारण जोर लावतो ते उघडे पडते. माझ्या बाबतीत उजवा खांदा नकळत कानाकडे चढत असे आणि पायाची बोटे फरशीला पकडून ठेवत. ठोसा मारतानाही तोच खांदा आधीच आखडलेला असे, त्यामुळे पाय आणि कंबरेतून आलेला जोर मुठीपर्यंत पोहोचण्याआधीच अडत होता. वेगाने हालचाल करताना मात्र हे कधीच जाणवले नव्हते. म्हणून उभे असताना टाळूपासून तळपायापर्यंत मनाने फिरावे, ताण सापडेल तेथे श्वास सोडताना तो भाग ढिला करावा आणि आकार मात्र मोडू देऊ नये. आकार टिकवायला लागते तेवढीच ताकद वापरण्याची ही सवय पुढे प्रत्येक प्रहारात आणि बचावात उपयोगी पडते.

थरथर आणि ऊब यांना घाबरण्याचे कारण नाही. गुडघ्यात टोचणारी वेदना, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र ताबडतोब थांबून बसावे. गुडघे ताठ कुलूपबंद करून उभे राहू नये, कारण तसे केल्यास रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. उच्च रक्तदाब, गुडघ्यांचे आजार किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

वेळ संपल्यावर हात सावकाश खाली आणावेत, गुडघे सरळ करावेत आणि दोन मिनिटे चालावे. साधारण महिन्याभराने, हात गोल धरून उभे असताना, जोडीदाराला मनगटांवर हळूहळू जोर लावायला सांगावे. खांदे दगडासारखे घट्ट झाले तर शरीर मागे कलंडते. तेच खांदे सैल राहिले आणि जोर पाठीतून, कंबरेतून टाचांपर्यंत उतरला, तर तळपाय जमिनीत अधिक रुतल्यासारखे वाटतात.