सांडपाण्यातल्या साल्मोनेलासाठी माध्यमांची तुलना करताना या चुका टाळा

ज्या प्लेटवर कॉलन्या (जीवाणूंचे डोळ्यांना दिसणारे पुंजके) जास्त, ते माध्यम (जीवाणू वाढवायचं खाद्य) चांगलं, ही समजूत आधी डोक्यातून काढा. सांडपाण्यात साल्मोनेला (टायफॉइड, जुलाब यांसारखे आजार देणारा जीवाणू) मोजका असतो. प्रोटियस, सिट्रोबॅक्टर, स्यूडोमोनास या दुसऱ्या जीवाणूंचीच गर्दी. एक्सएलडी अगर या साल्मोनेला शोधायच्या माध्यमावर काळा ठिपका दिसला की लगेच 'साल्मोनेला' लिहिलं जातं आणि तिथेच तुलना बिघडते.

प्लेट उजेडाकडे धरून ठिपक्याची कडा बघा. साल्मोनेलाची कडा गुलाबी-लाल असते, तर सिट्रोबॅक्टर आणि प्रोटियसचा काळा ठिपका बहुधा पिवळ्या कॉलनीत असतो. वेळही सांभाळा. साल्मोनेला आधी माध्यमातली झायलोज ही साखर आंबवतो तेव्हा रंग पिवळा होतो. झायलोज संपलं की लायसीन हे अमिनो आम्ल वापरू लागतो आणि मग लाली परत येते. घाईने प्लेट काढली तर खरा साल्मोनेलाही पिवळा म्हणून सुटतो. १८ ते २४ तासांच्या दरम्यानच वाचा. पॅराटायफी ए हा साल्मोनेलाचा प्रकार बहुतेकदा काळा ठिपका देतच नाही, म्हणून नुसत्या गुलाबी कॉलन्याही उचला.

तुलना करायची ती खात्री झालेल्या कॉलन्यांची. समजा, एका माध्यमावर ४० संशयित आणि जैवरासायनिक चाचणी व सिरमच्या (प्रतिपिंडांच्या) चाचणीनंतर खऱ्या ५; दुसऱ्यावर १२ संशयित, खऱ्या ९. मी डोळे झाकून दुसरं घेईन.

एक्सएलडी, एसएस (साल्मोनेला-शिगेला अगर), टीसीबीएस (कॉलऱ्याच्या जीवाणूंसाठीचं) ही माध्यमं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालू नका. उकळी येऊन विरघळली की पुरे. सुमारे ५० अंशांवर आणून ओता. जास्त तापून साका धरलेली बॅच सरळ टाकून द्या. नव्या बॅचवर आणि साध्या अगरवर ओळखीचा साल्मोनेला सारख्याच प्रमाणात पसरून बघा. साध्या अगरच्या निम्म्याही कॉलन्या उगवल्या नाहीत, तर दोष बॅचचा आहे, सांडपाण्याचा नाही.

क्लोरीन दिलेलं सांडपाणी असेल तर क्लोरीन निष्प्रभ करायला नमुन्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं. क्लोरीनने जखमी झालेले जीवाणू थेट कडक (इतर जीवाणूंना दाबणाऱ्या) माध्यमावर टाकले तर उगवत नाहीत. आधी बफर्ड पेप्टोन वॉटर या सौम्य द्रव माध्यमात ३७ अंशांवर सुमारे १८ तास ठेवा. पुढचा समृद्धीकरण ब्रॉथ (साल्मोनेलाची संख्या वाढवणारं द्रव माध्यम) सगळ्या प्लेटांसाठी एकच हवा, नाहीतर तुलना प्लेटांची न राहता ब्रॉथची होते.

टायफीच (टायफॉइड देणारा साल्मोनेला) शोधायचा असेल तर मात्र रॅपापोर्ट-वासिलियाडिस ब्रॉथ नको, तो टायफीलाच दाबतो. सेलेनाइट ब्रॉथ घ्या, बिस्मथ सल्फाइट अगर घ्या आणि ती प्लेट ४८ तास पूर्ण होईपर्यंत निगेटिव्ह म्हणू नका.