लष्करी सरावाच्या वणव्यात नुकसान झालं तर भरपाई कशी मागावी

अमेरिकेत लष्कराच्या गोळीबार-सरावातून वणवा पेटला आणि तुमचं कुंपण, गोठा, घर गेलं, तर राख उपसण्याआधी फोटो काढा. मी असे दावे भरून देते. लोक सगळं साफसूफ करून मगच येतात!

स्टँडर्ड फॉर्म ९५, म्हणजे केंद्र सरकारकडे भरपाई मागण्याचा अर्ज, भरायचा, नुकसान झाल्यापासून २ वर्षांच्या आत. रकमेचा ठाम आकडा लिहा. ‘नंतर कळवू’ चालत नाही. विम्याचे पैसे मिळाले असतील तर तेही सांगा. ६ महिन्यांत उत्तर आलं नाही तर फेडरल कोर्टात जाता येतं. लेखी नकार आला तर मात्र तिथून ६ महिन्यांतच जावं लागतं.

खरी मेख पुढे आहे. सराव घ्यायचा की नाही, हा अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला निर्णय, असं म्हणून सरकार हात झटकतं. म्हणून निर्णयावर भांडू नका, मोडलेला नियम शोधा. २०१० साली युटा राज्यातल्या कॅम्प विल्यम्स या लष्करी सराव-तळावर मशीनगनच्या सरावातून लागलेली आग शेजारच्या हेरिमन गावापर्यंत गेली, ३ घरं जळाली. त्या दिवशी हवामान खात्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा (वणव्याचा मोठा धोका) होता, पण तो कुणी तपासलाच नव्हता. असं काही हाती लागतं का बघा: माहितीच्या कायद्याखाली गोळीबाराच्या मैदानाची (रेंजची) त्या दिवसाची नोंदवही आणि आगीचे नियम मागा.